दोन दिवस मागे

खुर्च्या मांडायच्या आधी रूफसने अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर कोच म्हणून त्याने हेच केलं होतं, हात अजून सरळ चालत होता. प्रत्येक घराला एक चौकोन. बहिणीचा, म्हणजे ओडेसाचा, पायरीपाशी. तिचा थोरला लिनवूड आणि सून शनीस यांचा पेकनच्या झाडाखाली. स्वतःचा पिकअप गाडीजवळ. चौथा चौकोन त्याने पार कुंपणाला टेकून, मासे तळायच्या शेगडीपाशी आखला. तो धाकट्या टोबायससाठी.

"एवढ्या लांब?" ओडेसाने विचारलं.

"शेगडीकडे बघायला कोणी नको का?" रूफस म्हणाला आणि चुन्याची पिशवी गाडीत टाकायला वळला.

तिला ते पटलं. तिने पटवून घेतलं, असं म्हणणं जास्त खरं. आज तिला कुणाशी वाद घालायचा नव्हता. सकाळीच चर्चमागच्या दफनभूमीत तिच्या नवऱ्याच्या, एमसच्या, कबरीवर दगड बसला होता. एप्रिलमध्ये त्याला माती दिली तेव्हा साथीमुळे कबरीपाशी फक्त दहा माणसं चालतील असं कळवलं होतं, आणि ती दहा नावं तिनेच ठरवायची होती. शेंगांच्या गिरणीतले त्याचे सोबती गाळले, त्याच्या बरोबर तीस वर्षं चर्चमध्ये गाणारे गाळले. पोटची दोन्ही पोरं तर कुंपणाबाहेर गाडीत बसली होती, काचा लावून, कारण मार्चमध्ये घरी परतल्यापासून ती आजाऱ्याबरोबर एका घरात राहिली होती; ओडेसाला बायको म्हणून तेवढी सूट मिळाली होती. नवऱ्याच्या पेटीवर पहिली मूठ टाकताना तिने वळून पाहिलं तेव्हा गाडीच्या काचेवर दोन मोठाले पंजे टेकलेले दिसले. चेहरे दिसले नाहीत.

मातीनंतरचं जेवण तेव्हा झालंच नाही. या भागात माणूस गेला की त्याच्या नावाने सगळे जेवतात, आणि जेवल्याशिवाय तो गेला असं कुणी धरत नाही. सहा महिने एमस असा अर्धवट गेलेला होता. म्हणून आज दगड आणि जेवण एकदमच. जेवायला फक्त घरचीच माणसं, तीही उघड्यावर.

एप्रिलपासून ओडेसा शनिवारचा उपास धरत असे, सूर्य मावळेपर्यंत काही खात नसे. आजही शनिवार, त्यामुळे पालेभाजी, मक्याची भाकरी, लोण्याचा केक, सगळं तिने न चाखताच केलं होतं. मीठ देवावर सोडलं होतं.

"लिनवूडसाहेब," रूफसने आपल्या चौकोनातून हाक घातली, "खुर्ची बरी आहे ना? ऑगस्टपासून सगळा सराव तिच्यावरच चाललाय, म्हणून विचारलं."

"बरी आहे मामा. मुळं फुटली की सावलीपण देईल."

शनीसला मास्कमागे हसू आलं. ओडेसाला आलं नाही. त्या थट्टेच्या तळाशी काय आहे ते तिला माहीत होतं.

लिनवूड सहा वर्षं उत्तरेकडे अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघात खेळत होता. ऑगस्टमध्ये लीगने सगळ्यांना विचारलं, खेळताय की यंदा बसताय, आठवड्यात कळवा. लिनवूडला आठवडा लागला नाही. बाप हॉस्पिटलच्या काचेपलीकडे गेला होता. एका अनोळखी परिचारिकेने धरलेल्या फोनवर त्याने बापाचा शेवटचा श्वास पाहिला होता. आणि शनीसला तेव्हा पाचवा महिना लागत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवलं, मी बसतो. घर बंद करून दोघं इथे आईकडे राहायला आली. त्या दिवसापासून दोन महिने रूफसने भाच्याचा फोन उचलला नाही. न्हाव्याच्या दुकानात तो म्हणाला म्हणे, की आमच्यातलं कुणी गुडघा फुटल्यावर मैदान सोडलं, कुणी म्हातारपणी सोडलं. नुसत्या भीतीने सोडणारा हा पहिला.

लिनवूडच्या कानावर ते आलं तेव्हा तो एवढंच बोलला की मामा खोटं बोललेला नाही.

मग रूफसची सगळी आशा टोबायसवर आली. राज्याच्या विद्यापीठातलं त्याचं तिसरं वर्ष. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे खांद्याला खांदा लावून जी पाच दांडगी पोरं उभी राहतात, त्या लाइनमध्ये डावीकडून दुसरा. रूफसही तरुणपणी तिथेच उभा राहायचा. यंदाचा हंगाम म्हणजे रोजचा जुगार झाला होता. वसंतात मैदानंच बंद. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या मोठ्या विद्यापीठांनी खेळ रद्द केला, मग पुन्हा सुरू करतो म्हणाले. इकडे दक्षिणेत मात्र कुणी 'रद्द' हा शब्द तोंडातून काढला नाही. तीन चतुर्थांश जागा रिकाम्या, वाद्यवृंद नाही, खुर्च्यांना प्रेक्षकांऐवजी पुठ्ठ्याचे चेहरे बांधलेले, तरी पोरं खेळत होती. दर गुरुवारी कुठला ना कुठला सामना मोडायचा. या गुरुवारी टोबायसच्या संघाचाच मोडला. समोरच्या संघात बारा जण आजारी निघाले. कोचने पोरांना सोमवारपर्यंत मोकळं केलं. सोमवारी आठवड्याची चाचणी असायची.

रूफस स्वतः अडीच तास गाडी हाकत जाऊन टोबायसला घेऊन आला होता. पोराला घरी आण, असं ओडेसा म्हणाली, तर तो म्हणाला, माझ्याकडे राहू दे, तुझ्या घरात पोटुशी बाई आहे. तेव्हा तिने मनात हात जोडले होते. भावाला शहाणपण आलं, उशिरा का होईना.

*

शनीसला मात्र सकाळपासून काहीतरी टोचत होतं.

सातव्या महिन्यात झोप कमी होते आणि नजर वाढते, असं तिची आई म्हणायची. टोबायस तिच्याशी आजवर तुटक वागलेला नव्हता. मार्चपासून सगळे लांब झाले तरी तो अंगणाच्या टोकाला उभा राहून पोटाकडे बघत आरोळी द्यायचा, "आमच्या लाइनमधला नवा गडी काय म्हणतो?" आज त्याने नुसता हात केला. दफनभूमीतही मागेच उभा राहिला. दगडावरचं फडकं काढल्यावर तेवढा पुढे आला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मिस ओडेसांनी, तिच्या सासूने, त्याचा मास्क खाली ओढून तळव्याने डोळे पुसले. शनीसला ते बघवलं नाही म्हणून तिने मान वळवली होती. आणि मान वळवताना तिला दिसलं की रूफसमामाही ते बघतोय, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झालाय. मेहुण्याच्या आठवणीने असेल, असं तिला वाटलं.

आता टोबायस कुंपणापाशी उभा होता. तीन पायांच्या शेगडीवर तेलाची मोठी कढई, बाजूला गॅसची टाकी, परातीत मक्याच्या पिठात घोळवलेले कॅटफिश. शेजारच्या शेतात शेंगा नुकत्याच उपटून उलट्या पसरल्या होत्या, आणि वारा तिकडून जोरात, मातीचे लोट घेऊन येत होता. ओडेसा पायरीवरून सांगत होती, एमसला मासे कडक लागायचे, घाई करू नकोस. रूफस म्हणाला, त्याला कडक लागायचे म्हणून आम्ही सगळ्यांनी तीस वर्षं कोळसे खाल्ले. हे ऐकून ओडेसा हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती एमसच्या नावावर हसली.

तेवढ्यात शेगडी विझली असावी. दिवसाउजेडी तो निळा जाळ दिसतो कुठे?

शनीसला वास आला तो कुजक्या अंड्यासारखा. आधी वाटलं, शेतातून आला. मग जास्त आला. ओडेसाने पायरीवर नाकाला पदर लावावा तसा ॲप्रन लावला. टोबायसने कढईत एक तुकडा टाकला, तो गप्प तळाला गेला. त्याने खाली वाकून पाहिलं. खिशातून लायटर काढला. टाकीजवळ, ज्वाळेच्या जागी, तोंड पार खाली नेऊन.

त्या वासात उभं राहून कुणी लायटर काढेल, हे तिच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. तोवर शेजारची खुर्ची उलटली होती.

लिनवूड धावला. ऑगस्टपासून कुणी त्याला धावताना पाहिलं नव्हतं. चुन्याच्या दोन रेघा ओलांडून तो भावावर कमरेतून आदळला, आणि ती दोन प्रचंड शरीरं कुंपणाच्या जाळीवर जाऊन कोसळली. लायटर गवतात उडाला. लिनवूडने सरपटत जाऊन टाकीची चावी बंद केली.

 कढई हलली, थोडं तेल सांडलं, एवढंच.

"वेडा आहेस का?" लिनवूड धापा टाकत म्हणाला. भावाची कॉलर त्याने पुन्हा धरली होती, दोघांचेही मास्क निघाले होते. "अख्ख्या अंगणाला वास येतोय. तुला नाही आला?"

 टोबायसने रूफसकडे पाहिलं.

ती नजर ओडेसाने पाहिली. अपघातातून वाचलेलं पोर आधी आईकडे बघतं. हे मामाकडे बघत होतं, आता मी काय करू असं विचारत होतं. तिने पायरीचा कठडा धरला आणि ती भावाकडे वळली.

"रूफस," ती हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं."

*

रूफसला खोटं बोलता आलं असतं. सर्दी आहे, धूळ आहे, नाक चोंदलंय. तो तोंड उघडणार होता, तोच त्याला झाडाखाली एकटी उभी राहिलेली शनीस दिसली, दोन्ही हात पोटाखाली धरलेली, आणि तिच्याकडे निघालेला लिनवूड दिसला. चार पावलांवर लिनवूड थबकला. आपले हात बघू लागला. मग त्याने ते हात मागे घेतले.

"येऊ नकोस," लिनवूड बायकोला म्हणाला. "तिथेच थांब. मी आत्ता त्याच्या तोंडाशी होतो."

तेव्हा रूफस खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आवाज इतका खाली गेला होता की ओडेसाला दोन वेळा म्हणावं लागलं, मोठ्याने बोल.

गुरुवारी सकाळी टोबायसचा फोन आला होता. मामा, मला कॉफीचा वास येत नाही. ताप नाही, खोकला नाही, दम लागत नाही. फक्त वास नाही. संघातल्या मुलांना रोज सकाळी फोनवर पाच प्रश्न येतात, ताप आहे का, वास गेलाय का, असे. एकावर जरी हो दाबलं, तरी डॉक्टरची माणसं येतात आणि मागचे दोन दिवस मोजतात. त्या दोन दिवसांत ज्याच्याजवळ बसलास, ज्याच्याबरोबर जेवलास, तो चौदा दिवस खोलीत बंद. त्याची चाचणी चांगली आली तरी बंद. राखीव धरून लाइनची आणखी आठ पोरं त्याच्याबरोबर एकाच खोलीत बसतात, एकाच टेबलावर जेवतात. टोबायसने हो दाबलं की आठही गेली. पुढचा शनिवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. आणि पुढच्या शनिवारी व्यावसायिक संघांची माणसं बघायला येणार होती, मुख्यतः बूनला. बून हॅचर म्हणजे टोबायसचा खोलीतला जोडीदार, लाइनच्या मधला, भुईमुगाच्या शेतावरचं गोरं पोर. त्याचं हे शेवटचं वर्ष.

म्हणून रूफसने डोकं चालवलं. सामना तर मोडलाच होता. टोबायसला गुरुवारीच तिथून उचलायचा. सोमवारी चाचणी वाईट निघेल तेव्हा डॉक्टरची माणसं सोमवारपासून दोन दिवस मागे मोजतील. शनिवार, रविवार. त्या दोन दिवसांत पोरगं लाइनजवळ नव्हतंच. लाइन वाचली.

"आणि त्या दोन दिवसांत ते कुणाजवळ होतं?" शनीसने विचारलं. आवाज चढवला नव्हता. "मामा, त्या दोन दिवसांत कुणाला मोजायचं होतं?"

 रूफस चुन्याच्या रेघांकडे बघत होता. रेघा त्याने नीट आखल्या होत्या. पोराला स्वतःच्या घरात ठेवलं, अंगणात सगळ्यांत लांब उभं केलं. सगळा डाव मांडला होता, आणि कबरीपाशी आई मुलाला जवळ घेईल एवढंच त्यात धरायचं राहिलं. एकतीस वर्षं त्याने पोरांना एकच शिकवलं होतं: लाइनमध्ये कुणी एकट्याने हलायचं नाही. एकजण आधी हलला की शिक्षा पाचांना. त्याच्या हाताखालून चारशे पोरं हे शिकून गेली. चुकीचं आहे असं त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं. आत्ताही नक्की वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

"तू त्याच्याबरोबर अडीच तास गाडीत होतास," ओडेसा म्हणाली. "काचा?"

"बंद होत्या. गार होतं बाहेर."

"तुला साखर आहे, रूफस."

"मला काय धाड भरली आहे, डेसा."

"एमसपण हेच म्हणाला होता," ती म्हणाली. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की आज सकाळी टोबायस तिच्या खांद्यावर रडला, तिने हाताने त्याचे डोळे पुसले आणि त्याच हाताने नंतर स्वतःचेही पुसले. म्हणजे तीही मोजणीत आली. आता या घरात स्वच्छ अशी एकटी शनीस. तिने आत जावं, मागचं पुढचं दार लावून घ्यावं. बाकीच्यांनी घरात पाऊल टाकायचं नाही.

"मी एकटी?" शनीस म्हणाली. लिनवूडकडे बघून म्हणाली. "मार्चपासून तू किराणा धुऊन घेतोस. खेळ सोडलास. दोस्तांना दारातून परत पाठवलंस. हे सगळं मी एकटी राहू नये म्हणून होतं ना?"

लिनवूड म्हणाला, तो जळाला असता.

"ते माहीत आहे मला," शनीस म्हणाली. "ते माहीत आहे म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही." मग ती रूफसकडे वळली, आणि एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती ती आज मारली. "रूफस, तुम्ही माझ्या नवऱ्याला भित्रा म्हणालात. गावभर म्हणालात. आज तुमच्यापेक्षा जास्त कोण भ्यालं होतं?"

ती पायऱ्या चढून आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या दाराची कडी.

*

टोबायस कुंपणाला टेकून जमिनीवर बसला होता. कोपर सोललं होतं. जाळीच्या गंजाचा, सांडलेल्या तेलाचा, गवताचा, कसलाच वास त्याला येत नव्हता, आणि आता सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो नसलेला वास त्याला जास्त जाणवत होता. जणू जगापुढे काच लावली होती. एप्रिलमध्ये लावली होती तशी.

आई पायरीवरून उतरून त्याच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली. आता जवळ आली असती तरी फार काही बदलणार नव्हतं. तरी ती तिथेच थांबली.

"आजचे प्रश्न आले?"

"आले. सकाळीच उत्तरं दिली. सगळ्याला 'नाही'."

"बदलता येतं?"

"येतं." तो खाली बघत म्हणाला. "आई, हो दाबलं की आठ जण जातात. ती सगळी माझ्या भरवशावर आहेत. बूनला हा एकच हंगाम उरलाय. मी सोमवारपर्यंत काही बोललो नाही तर त्याचं कुणी काही मोजणार नाही."

पिकअपपाशी रूफसने मान वर केली होती. पोरगं त्याचीच भाषा बोलत होतं. मनात आणलं असतं तर रूफसला अजूनही पोराला पाठीशी घालता आलं असतं. त्याने मान पुन्हा खाली घातली. लिनवूडही मध्ये पडला नाही. धाकट्याला सांगण्याचा आपला हक्क आपण खुर्चीत बसून घालवला आहे, असं त्याला वाटत होतं.

ओडेसाने मुलाला दटावलं नाही. देवाचं नावही मध्ये आणलं नाही. पोरं देवाचं नाव ऐकलं की मान डोलावतात आणि मनातलं तसंच ठेवतात, हे तिने दोघांना वाढवताना पाहिलं होतं.

"बून कुठे आहे आता?" तिने विचारलं.

"घरी गेलाय. सगळेच गेलेत. सोमवारपर्यंत सुट्टी."

"त्याच्या घरी कोण आहे?"

टोबायसने आधी सहज सांगितलं, आजी. आई लहानपणी सोडून गेली, आजीनेच वाढवला. पंचाहत्तरच्या पुढची असेल, दर सामन्याला केक पाठवते. बोलता बोलता त्याचा आवाज मंद झाला. मंगळवारी, बुधवारी, दोन्ही दिवस तो आणि बून एका खोलीत झोपले होते. बून आजीकडे गेला होता. बाकीची सात पोरं अशीच कुणाकुणाकडे गेली होती. मामाने आणि त्याने लाइन वाचवली होती ती अशी, की आठही जण आठ घरांत पोचले होते आणि एकालाही काही ठाऊक नव्हतं.

"दोन दिवस मागे मोजतात," ओडेसा म्हणाली. "पुढे कोण मोजतं, बाळा?"

त्याने फोन काढला.  वास गेलाय का? हो. कधीपासून? गुरुवार. पडद्यावर लाल पट्टी आली आणि खाली एक ओळ, आहात तिथेच थांबा.

पाच मिनिटांत संघाच्या डॉक्टरचा फोन आला. बाई शांतपणे बोलत होती, नावं लिहून घेत होती. टोबायसने आठ नावं सांगितली. एकेक नाव सांगताना तो थांबत होता, जणू एकेकाला खड्ड्याच्या काठावरून ढकलत होता. मग मामाचं नाव सांगितलं. आईचं. भावाचं.

 वारा पडला. परातीतले मासे तसेच राहिले, त्यांच्यावर माशा बसू लागल्या, आणि लिनवूडने उठून त्यावर फडकं टाकलं.

मग बूनचा फोन आला. टोबायसने तो उचलायच्या आधी डोळे मिटले. शिव्या ऐकायची त्याने तयारी केली होती. त्याने फोन मांडीवर ठेवून आवाज मोठा केला.

"टोबी," पलीकडून बून म्हणाला. "आत्ता त्यांचा फोन आला होता." तो थांबला. "ऐक, तुझ्यामुळे नाही झालं हे. मला मंगळवारपासून चव नाही."

टोबायसला काही समजेना. मंगळवारपासून? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?

"सांगणारच होतो. पण मी सांगितलं असतं तर त्यांनी तुला बंद केलं असतं, एका खोलीतले आपण. चौदा दिवस. तुझ्या बापाचा दगड शनिवारी होता. एप्रिलमध्ये तू गाडीत बसून राहिला होतास, तू सांगितलं होतंस मला." बूनच्या नाकातून आवाज आला, रडल्यासारखा. "म्हटलं, एवढा शनिवार जाऊ दे. एका शनिवाराने काय होतं."

टोबायसने तोंडावर हात ठेवला.

"दगड बसला का?" बूनने विचारलं.

"बसला."

"बरं झालं." मग तो म्हणाला, "मागच्या रविवारी मी आजीकडे जेवलो होतो. ती कालपासून उठलेली नाही. दमलेय म्हणते. मी तिला केक करू नको म्हटलं होतं. टोबी, तुमच्याकडे आधी झालंय ना हे. श्वास किती जलद झाला की न्यायचं असतं? मला कुणाला विचारावं कळत नाही."

फोनवरचं हे बोलणं अंगणात सगळ्यांनी ऐकलं. ओडेसा फोनच्या दिशेने दोन पावलं पुढे आली आणि एप्रिलमध्ये तिला कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं तिने त्या न पाहिलेल्या पोराला सांगितलं. ओठ बघ. नखं बघ. तिला पालथी झोपव. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघ, आणि नसेल येत तर मला पुन्हा फोन करू नकोस, थेट दवाखान्याची गाडी बोलाव. बून दर वाक्याला होय मॅम म्हणत होता. शेवटी त्याने विचारलं, तुम्ही टोबीची आई ना? त्याने तुमच्याबद्दल खूप सांगितलंय. मग फोन बंद झाला.

*

उन्हं तिरपी झाली. टोबायसला मागच्या अवजारांच्या खोलीत पाठवायचं ठरलं. तिथे खाट होती आणि खिडकी होती. लिनवूडने स्वतःच्या गाडीची मागची सीट पाडून घेतली. ओडेसा ओसरीवरच्या लाकडी बाकावर राहणार होती, शनीसच्या खिडकीखाली, म्हणजे तिने हाक मारली तर ऐकू येईल. रूफस घरी जाऊ शकत होता. तो गेला नाही. पिकअपमध्ये जाऊन बसला आणि त्याने काचा वर केल्या. एकदा त्याला ठसका लागला. मास्क बाजूला करून तो पाणी प्यायला, आणि नंतर शांत झाला. चौघांनीही आपापल्या जागेवरून ते पाहिलं.

ओडेसाच्या मनात हिशेब उभा राहत होता आणि ती तो पुसत होती. आज. मग पाचवा दिवस, तो एमसचा तापाचा दिवस होता. मग नववा, त्या दिवशी तो जिना चढताना मध्येच बसला होता. शनीसची तारीख डिसेंबरात. आपल्याला काही झालं तर तिच्यापाशी कोण? लिनवूडला झालं तर? सूर्य मावळला होता, तिने उपास सोडायला हवा होता. पण घास घेतला तर त्याची चव लागेल का, हे बघायचा तिला धीर झाला नाही.

तिला एकच गोष्ट करता येत होती. ती उठून ओसरीच्या मध्यावर उभी राहिली. चर्चमध्ये पाळक म्हणतो आणि माणसं उत्तर देतात, ते तिने म्हटलं. तिचा आवाज कधी मोठा नव्हता.

"देव भला आहे."

वर खिडकीची फट उघडली. "सदासर्वदा," शनीस म्हणाली.

लिनवूडच्या गाडीतून आलं, "सदासर्वदा."

मागच्या खोलीतून यायला वेळ लागला. आलं ते घोगरं, पण आलं.

पिकअपची काच वरच होती. आत रूफसची मान सीटवर मागे टेकलेली दिसत होती. तो झोपला होता, की लाजेने बोलत नव्हता, की आणखी काही, हे तिला इतक्या लांबून कळेना. त्याची छाती वरखाली होते का ते बघायला तिने डोळे ताणले. अंधारून येत होतं.

तिने तेच शब्द पुन्हा म्हटले, या वेळी ओरडून.